बॅटरी नवी, सेल्फ नवा, तरी पिकअप पहाटे चालू होत नाही? आधी अर्थिंगचा ड्रॉप मोजा

द्राक्षाचा सीझन लागला की दरवर्षी हीच तक्रार यायला लागते. नाशिक भागात दिंडोरी घ्या, निफाड घ्या, पिंपळगाव, ओझर, वणी, गाव कुठलंही असू दे आणि गाडी पिकअप असो, छोटा हत्ती असो नाहीतर दहा टायर, बोलणं एकच असतं, "भाऊ, दिवसा हात लावला की चालू होते, पहाटे माल भरून निघायच्या टायमाला नुसती घरघर करते." काय काय करून पाहिलं विचारलं तर यादी पण ठरलेली, आधी बॅटरी टाकली, मग सेल्फचे, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटारीचे, कार्बन आणि बुश टाकले, तरी नाही जमलं म्हणून अख्खा सेल्फच नवा टाकला, कुणीतरी सांगितलं म्हणून डिझेल फिल्टर पण टाकला, आणि पंधरा-वीस दिवस गेले की परत गाडीमागे चार पोरं धक्का मारायला. मला याचा खरंच त्रास होतो, कारण शेतकऱ्याचा नाहीतर ड्रायव्हर-मालकाचा पैसा असा एकेका पार्टात जातो आणि मूळ दुखणं तिथंच चिकटून राहतं, बहुतेक वेळा इंजिन आणि चेसिस जोडणाऱ्या दोनशे रुपयांच्या अर्थिंगच्या पट्टीत.

मी वायरिंगचं काम करतो, त्यामुळे माझं सांगणं वायरिंगच्या बाजूने असणार. पण एक गोष्ट खात्रीने सांगतो, सेल्फ न उचलण्याची तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर पार्ट बदलायच्या आधी मीटर लावा, आणि मीटर लावायचा तो सेल्फ मारत असताना. गाडी बंद असताना सगळ्या वायरी चांगल्याच दिसतात.

आधी कान द्या. चावी फिरवल्यावर कट-कट-कट-कट असा भराभर आवाज आला तर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) पकडतोय पण करंट मागितला की व्होल्टेज कोसळतंय, म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा कुठेतरी जोड सैल. एकच ठक आवाज आला आणि पुढं काहीच नाही, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत, कार्बन संपलेत किंवा सेल्फ जाम आहे. आवाजच नाही, तर बारीक वायरचं काम, रिले, चावीचा स्विच, क्लचखालचा स्विच असेल तर तो. आणि सेल्फ फिरतोय पण दमल्यासारखा फिरतोय, हे आपलं आजचं मुख्य दुखणं. रात्री हेडलाइट लावून सेल्फ मारा, हे सगळ्यात सोपं चेकिंग आहे आणि याला एक पैसा लागत नाही. लाइट पार विझला तर बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलचा जोड बघा, लाइटला काहीच फरक पडला नाही तर करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये, लाइट बऱ्यापैकी टिकला आणि सेल्फ मात्र रडतोय तर पुढचं सगळं नीट वाचा.

बॅटरीपासूनच सुरुवात करायची, पण मोजून. रात्रभर उभ्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी पहाटे १२.६ च्या आसपास दाखवायला पाहिजे. १२.४ असेल तर पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धीच, १२.० म्हणजे जवळपास संपत आली. गाडी नुकतीच बंद केली असेल तर मीटर खोटं जास्त दाखवतो, म्हणून दोन-पाच मिनिटं हेडलाइट लावून ठेवा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर ९.६ च्या खाली जायला नको. खांबांवर म्हणतोय, वरच्या क्लॅम्पवर नाही, हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो. हायड्रोमीटर (बॅटरीच्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही सेलचं ग्रॅव्हिटी बघा, भरलेल्या बॅटरीत १.२५० च्या आसपास आणि सगळ्या सेलचं जवळजवळ सारखं, एखादाच सेल फार मागे असेल तर ती बॅटरी गेली, चार्जिंगला लावून काही उपयोग नाही.

थंडीचं पण लक्षात घ्या. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सात अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली, तेव्हा बॅटरीची ताकद कमी होते, इंजिनातलं ऑइल घट्ट होतं आणि सेल्फला नेहमीपेक्षा जास्त करंट लागतो. बॅटरी खराब होते ती एप्रिल-मेच्या उन्हात, कळतं मात्र थंडीत. आणि जो जोड दिवसा खपून जातो तो पहाटे उघडा पडतो, कारण करंट जितका जास्त तितका त्या जोडात व्होल्टेज जास्त खपतो.

आता हिशोब बघा. अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाचा सेल्फ थंडीत सहज अडीचशे अँपिअर मागतो. समजा अर्थिंगच्या, म्हणजे इंजिनातून करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायच्या वाटेवरच्या, जोडात फक्त ०.००५ ओहमचा अडथळा आहे. एवढासा अडथळा तुमचा मीटर दाखवूच शकत नाही, बीपवर टाकून बघितलं तर छान टीं वाजतो, टेस्ट लॅम्प लावला तर २१ वॅटचा बल्ब झगझगीत लागतो कारण त्याला दोन अँपिअर पण लागत नाहीत, आणि मिस्त्री सांगतो "अर्थिंग ओके." पण २५० गुणिले ०.००५ केलं की सव्वा व्होल्ट येतो, तो सव्वा व्होल्ट त्या गंजलेल्या बोल्टमध्येच जळतो आणि सेल्फपर्यंत पोचत नाही. म्हणून सेल्फच्या मोठ्या केबली बीप वाजवून तपासणं सोडून द्या. त्याने गेलेल्या केबली पास होतात आणि चांगले सेल्फ भंगारात जातात.

हा ड्रॉप, म्हणजे जोडात खपणारा व्होल्टेज, मोजायला पाचशेच्या आतला साधा डिजिटल मीटर पुरतो. गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, चावी मारायला एक माणूस बसवा. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, खांबाच्या शिशावर दाबून, आणि लाल पिन सेल्फच्या उघड्या लोखंडी बॉडीवर. आता दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि आकडा वाचा. ०.३ च्या आत असेल तर अर्थिंग चांगलं. ०.५ च्या वर गेलं की दुखणं सापडलं. इंजिन लगेच पकडत असेल आणि आकडा वाचायला टाइम मिळत नसेल तर जुन्या पंपाच्या गाडीत स्टॉपची तार ओढून धरा किंवा स्टॉप सोलेनॉइडचा कपलर काढून ठेवा. मग काळी पिन तिथंच ठेवून लाल पिन एकेक टप्पा पुढं सरकवा, आधी क्लॅम्पवर, मग केबलच्या थिंबलवर (टोकाच्या कडीवर), मग चेसिसवर, मग इंजिनवर, प्रत्येक वेळी थोडा सेल्फ. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी मारतो तोच जोड खराब. पॉझिटिव्हला पण असंच, लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि काळी सेल्फच्या जाड बोल्टवर, तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत चालतं. या दोन आकड्यांत निम्म्याहून जास्त गाड्यांचं निदान होतं, काहीही न खोलता.

दिंडोरीकडची एक पिकअप सांगतो, म्हणजे कसं दिसतं ते कळेल. द्राक्षबागवाले आप्पा, गाडी घरचीच, सीझनला बागेतून पॅकहाऊस आणि इतर वेळी खताच्या गोण्या. बॅटरी नवी, सेल्फ नवा, दोन्ही बिलं खिशात घेऊन आले होते. मी सेल्फ मारताना मोजलं तर बॅटरीच्या खांबांवर १०.९, म्हणजे बॅटरी ठणठणीत, आणि सेल्फच्या बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत मोजलं तर ८.७. मधले २.२ व्होल्ट गेले कुठे? पॉझिटिव्हला ०.३, अर्थिंगला १.९. आप्पांना मीटर दाखवला आणि म्हटलं, आता गिअरच्या केबलला हात लावून बघा. चटकन हात मागे घेतला त्यांनी, "अरे, ही गरम कशी काय?" इंजिनातून चेसिसला परत जायला जाड पट्टीतून वाट मिळेना म्हणून करंट गिअरची केबल, ॲक्सिलेटरची केबल, जिथून जमेल तिथून चालला होता. केबलच्या आतलं प्लास्टिक मऊ होऊन गिअर पण जड झाला होता, आणि त्यासाठी त्यांना वेगळा खर्च सांगून ठेवलेला होता.

खाली जाऊन बघितलं तर इंजिन आणि चेसिसमधली विणलेली पट्टी. आधी कधीतरी क्लचचं काम झालेलं, त्यात गिअरबॉक्स उतरवताना पट्टी काढली, चेसिसला काळा रंग मारला आणि पट्टी रंगावरच ठेवून बोल्ट आवळला. बोल्ट टाइट होता, हलवून बघितला तर तसूभर हलत नव्हता. पण पट्टी टेकलेली रंगावर, आणि करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. त्यात खताची धूळ आणि दव, थिंबलच्या कडेला हिरवट पांढरी पावडर साठलेली आणि विणलेल्या तारा नखाने टोकरलं तर तुटत होत्या. खत वाहणाऱ्या गाड्यांत हे फार लवकर होतं, गोण्यांची धूळ ओल धरते आणि तांब्याला खाते. रंग घासून लोखंड चकचकीत केलं, नवी पट्टी टाकली, परत मोजलं तर ०.१५. दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पांचा फोन आला, एका चावीत चालू झाली म्हणून. जुना सेल्फ गॅरेजवाल्याने बदलीत ठेवून घेतला होता, आणि तो बहुतेक चांगलाच असणार, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पट्टी टाकायची तर नीट टाका. छोट्या डिझेल गाडीला ३५ स्क्वेअर एमएमची केबल किंवा तेवढ्याच जाडीची विणलेली पट्टी, ट्रकला ७०. थिंबल हातोड्याने ठोकून बसवू नका, दाबाच्या क्रिंपरने दाबून घ्या, द्वारका सर्कलच्या आसपास किंवा आडगाव नाक्याला कुठल्याही चांगल्या बॅटरीवाल्याकडे तो असतो. दोन्ही बाजूंचा रंग, ग्रीस, गंज पॉलिश पेपरने लोखंड दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा. आधी लावून मग आवळू नका. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी आली असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. टर्मिनल सैल आहे म्हणून मधे खिळा किंवा पत्र्याचा तुकडा ठोकणं, हे इथं सर्रास दिसतं, तेवढं बंद करा. क्लॅम्प शंभर-दीडशेला मिळतो.

अर्थिंग आणि पॉझिटिव्ह दोन्ही चांगले निघाले आणि सेल्फ तरी दमतोय, मग सेल्फ खोलायला हरकत नाही, बुश झिजून आर्मेचर घासत असतं किंवा कार्बन बुटके झालेले असतात. सेल्फ उचलतच नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरला, तिच्यावर बऱ्याच गाड्यांत ५० लिहिलेलं असतं, चावी मारून मोजा. तिथे ८-९ व्होल्टच येत असेल तर चावीच्या स्विचमध्ये किंवा रिलेत व्होल्टेज खाल्लं जातंय. जुन्या गाड्यांत सोलेनॉइडचा पूर्ण करंट चावीतून जायचा आणि स्विच जळायचा, त्यात एक रिले मधे टाकला की वर्षानुवर्षं कटकट मिटते.

आता दुसरा प्रकार, बॅटरी दोन दिवस उभी राहिली की उतरते. यात एकतर भरत नाही किंवा गळते. भरतेय का बघायला गाडी चालू करून रेस थोडी वाढवा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा आणि बॅटरीवर मोजा, १३.८ ते १४.५ च्या मधे पाहिजे, ट्रकला २७.६ ते २८.८. कमी असेल तर आधी बेल्ट. बेल्ट वरून चांगला दिसला तरी आतून काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो आणि लोड आला की घसरतो, सकाळी चालू केल्या केल्या चीं करून ओरडतो तो हाच. मग डायनामो, म्हणजे बेल्टवर फिरून बॅटरी भरतो तो, त्याच्या जाड बोल्टपासून बॅटरीपर्यंत तोच ड्रॉप मोजा. अजून एक, बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटर बोर्डावरच्या बॅटरीच्या लाल बल्बमधूनच डायनामोला सुरुवातीचा करंट मिळतो. चावी ऑन केल्यावर तो बल्ब लागतच नसेल तर डायनामो खोलायच्या आधी पाच-दहा रुपयांचा बल्ब बदला. आणि १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, ते लगेच करा, नाहीतर बॅटरी उकळेल आणि बल्ब, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळ्यावर येईल.

गळतीसाठी चावी काढा, दारं बंद, केबिनचा दिवा बंद, आणि निगेटिव्ह केबल काढून मीटर मधे लावा, १० अँपिअरच्या खाचेत. ईसीयूच्या गाडीला झोपायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढं थांबा. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत ठीक, ट्रॅकर असेल तर थोडं वर. मीटर असा लावलेला असताना चावी अजिबात मारू नका, मीटर गेला म्हणून समजा. आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडला तिथं शोधा. हिशोब सांगतो, अर्धा अँपिअर गळती म्हणजे तीन दिवसांत ३६ अँपिअर-अवर, ७५-८० ची बॅटरी निम्मी रिकामी. म्युझिकचा ॲम्प्लिफायर, चावीला न जोडता थेट बॅटरीवर घेतलेला मोबाइल चार्जर, ट्रॅकरची ओबडधोबड जोडणी, हॉर्नचा चिकटलेला रिले, हे नेहमीचे. सगळे फ्यूज काढले तरी गळती तशीच, तर बहुतेक डायनामोचा डायोड. याला एक चांगली खूण आहे, पहाटे इंजिन थंडगार असताना डायनामोला हात लावून बघा, तो एकटाच कोमट लागला तर रात्रभर त्याच्यातून करंट वाहतोय.

मोठ्या गाड्यांचं दुखणं वेगळं आहे आणि यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. ट्रकला १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, मिळून २४. ड्रायव्हर सांगतो, "शेठ, एक बॅटरी सारखी पाणी पिते आणि दुसरी सारखी बसते." लासलगावहून कांदा घेऊन वाशीला जाणाऱ्या एका दहा टायरला असंच होतं, दरवर्षी एक बॅटरी बदलायचे, आणि बदलायचे ती बसलेली एकटीच. कारण काय, तर म्युझिक, मोबाइल चार्जर आणि केबिनमधली रंगीत लाइटची माळ १२ व्होल्टची, आणि ती घेतलेली मधल्या जोडावरून, म्हणजे फक्त खालच्या, अर्थिंगच्या बाजूच्या बॅटरीतून. खालची रोज थोडी उतरते. डायनामोला काय माहीत, तो दोन्हींना एकच करंट देतो आणि एकूण २८.२ झाले की थांबतो. इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या तर खाली १३.२ आणि वर १५.०. वरची उकळतेय म्हणून पाणी पिते, खालची कधी पूर्ण भरतच नाही म्हणून बसते, आणि रस्त्यावर गाडी उभी राहते. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला की समजायचं बहुतेक मधून लाइन घेतलीये. इलाज म्हणजे २४ चा १२ करणारा कन्व्हर्टर टाका, मधल्या जोडावरची प्रत्येक वायर काढा, दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून घ्या. बदलायच्या झाल्या तर जोडीनेच, एका कंपनीच्या, एका अँपिअरच्या, एका वेळी घेतलेल्या. एक जुनी एक नवी लावली की नवी पण वर्षभरात जुनीच्या बरोबर जाते.

डिझेलच्या बाजूने लोक फार घाई करतात. कॉमन रेलच्या, म्हणजे एका नळीत प्रेशरने डिझेल साठवून ईसीयूने सोडणाऱ्या, गाडीत सेल्फ पुरेसा जोरात फिरला नाही तर रेलमध्ये दीड-दोनशे बारचं प्रेशर तयार होत नाही, आणि ते झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही. म्हणजे दुखणं अर्थिंगचं आणि लक्षण डिझेलचं. मग पंप काढा, नोझल टेस्टिंगला द्या. सातपूरला बॉशचा कारखाना आहे, जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात, डिझेलच्या नोझल-इंजेक्टरचं हे गाव, म्हणून आपल्याकडे टेस्टिंगवाले पण भरपूर, पण चांगला इंजेक्टर टेस्टिंगला नेऊन काय मिळणार. सेल्फ दणकून फिरतोय आणि तरी इंजिन पकडत नाही, तेव्हाच डिझेलकडे वळा. फिल्टरच्या पुढं थोडा पारदर्शक पाइप लावून बुडबुडे येतात का बघा, येत असतील तर टाकीपासून फिल्टरपर्यंत कुठेतरी एअर ओढतेय, फिल्टरखालची रबरी रिंग, बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर, जुने झालेले रबरी पाइप. रात्री डिझेल मागे टाकीत उतरतं आणि पहाटे हातपंप पन्नास वेळा दाबावा लागतो, हीच त्याची खूण. वॉटर सेपरेटरचं पाणी पावसाळ्यात आठवड्याला सोडा. आणि कॉमन रेलला जुन्या गाडीसारखे इंजेक्टरचे पाइप ढिले करून एअर काढायला जाऊ नका, चालू इंजिनात तिथे प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं, ती धार कातडी फोडून आत जाते, बोट जाईल.

कसाऱ्याला गाडी तापते हा पण नेहमीचाच विषय, भिवंडीहून किंवा जेएनपीटीहून माल भरून चढताना इगतपुरीच्या अलीकडे काटा वर. इथे पण आधी बघा की इंजिन खरंच तापतंय का. हेडलाइट लावले किंवा इंडिकेटर दिला की काटा हलत असेल तर तो अर्थिंगचा खेळ आहे, पाण्याचा नाही. खरंच तापत असेल तर कूलंट, रेडिएटरचं झाकण, थर्मोस्टॅट, फॅन क्लच. आणि कांदा वाहणाऱ्या गाड्यांनी रेडिएटरची जाळी उघडून बघाच, पात आणि टरफलं धुळीबरोबर बसून नुसता थर झालेला असतो, तो इंजिनच्या बाजूने बाहेर असा कमी प्रेशरच्या पाण्याने काढा, मोठ्या प्रेशरने जाळीच्या पात्या आडव्या पडतात. गरम असताना झाकण उघडू नका, ते प्रेशरखालचं पाणी तोंडावर येतं.

काही गोष्टी हात जोडून सांगतो. फ्यूज उडतो म्हणून त्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावू नका, १० च्या जागी ३० चा फ्यूज पण नको, मग फ्यूजऐवजी हार्नेस (वायरींचा अख्खा गठ्ठा) जळतो आणि केबिनला आग लागते. जादा हॅलोजन लावायचे तर रिले आणि वेगळा फ्यूज. ट्रॉलीला किंवा चेसिसला वेल्डिंग करायचं तर दोन्ही बॅटरी केबली काढा, ईसीयूचा कपलर काढा आणि वेल्डिंगचा अर्थ जिथे टाका मारायचा त्याच्या अगदी जवळ लावा, बंपरला अर्थ लावून मागे वेल्डिंग केलं की तो करंट बेअरिंग आणि ईसीयू शोधत फिरतो. जंप देताना ट्रकचे २४ पिकअपला देऊ नका, ट्रकची एकच बॅटरी वापरायलासुद्धा नको, दुसरी १२ ची गाडी बघा. शेवटचा चिमटा बॅटरीपासून लांब इंजिनच्या लोखंडावर लावा, बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि शेवटच्या चिमट्याची ठिणगी पडतेच. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी.

आणि पाठीमागचे लाइट. इंडिकेटर दिला की टेललाइट त्याच्याबरोबर मिणमिणतो, ब्रेक दाबला की दुसरीकडचा इंडिकेटर हलका लागतो, हे पाहिलं नसेल असा माणूस आपल्या भागात नाही. बल्ब बदलून काही होत नाही, मागच्या दिव्याचं अर्थिंग गेलंय आणि एका बल्बचा करंट दुसऱ्या बल्बमधून परत जायला वाट शोधतोय. दिव्याच्या पत्र्याला अर्थ घेतलेला असतो, तो गंजतो, किंवा लाकडी फाळके बसवताना तुटतो. दिव्यापासून चेसिसपर्यंत एक वेगळी वायर टाका, चेसिसचा रंग घासून, बोल्ट-वॉशर लावून, म्हणजे सेल्फच्या पट्टीला केलं तेच. पंधरा मिनिटांचं काम आहे. पावसाळ्यात इगतपुरी-घोटीच्या धुक्यात मागून येणाऱ्याला दहा फुटांवर आल्याशिवाय ट्रक दिसत नाही, त्यामुळे सेल्फचं काम पुढच्या आठवड्यावर ढकललं तरी एक वेळ चालेल, धक्का मारून निघता येईल. टेललाइटची वायर मात्र आजच टाकून घ्या, आणि टाकून झाल्यावर एका माणसाला ब्रेकवर बसवून, इंडिकेटर, पार्किंग, ब्रेक तिन्ही एकदम लावून मागे उभं राहून बघा.